पाणी उतरलं तरी भोंगा

अल्माटी, १२ एप्रिल

ओरालबेक नागाशी,

गुरंढोरं सुखरूप? माणसं सुखरूप? घोडी व्याली का?

आईने बजावलंय, 'माझ्या भावाला ऑफिसच्या भाषेत लिहू नकोस, तो चुलीत घालेल.' ई-मेल चुलीत घालता येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. तुम्ही काहीतरी मार्ग काढालच.

तर मुद्दा. गाळपुराचा इशारा देणारी आपली अकरा ठाणी, आणि त्यांचे अकरा सर्व्हर. येर्देन मुरातोविच, म्हणजे आमचे नवे संचालक, यांनी हुकूम काढलाय: एक जूनच्या आत, पुराचे दिवस सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक सर्व्हरवर फक्त मुख्यालयाच्या कोठारातली पॅकेजं, म्हणजे तिथे बांधून ठेवलेले तयार प्रोग्रामच, राहतील. हाताने बसवलेलं सगळं काढायचं. हे काम माझ्या गळ्यात आलंय. दहा ठाणी झाली. राहिलंय तुमचं अक्तास.

तुम्ही दिलेल्या साध्या खात्यावरून मी तुमच्या सर्व्हरला विचारलं, 'बाबा रे, तुझ्यावर काय काय बसवलंय?' तो म्हणतो, जवळजवळ काहीच नाही. आणि इकडे नदीतल्या मापकांचे आकडे येतायत, पाण्याच्या पातळीचं पान दिसतंय, भोंगाही जोडलेला आहे! कागदोपत्री घर रिकामं आणि धुराड्यातून धूर. नागाशी, तुम्ही सोर्स कोड आणून, स्वतः कंपाइल करून, मनाला येईल तिथे नेऊन ठेवलाय. मशीनला स्वतःच्या पोटात काय आहे ते माहीत नाही. उद्या त्यातल्या एखाद्या तुकड्यात भोक निघालं तर बुजवणार कोण? कोठारातलं पॅकेज असलं की मी इथून एक कमांड देते आणि अकराही ठिकाणी दुरुस्त झालेलं बसतं. कुणाला कुणाची गरज आहे याची नोंद राहते, काढून टाकलं तर मागे कचरा राहत नाही. हे मी तुम्हाला शिकवायचं म्हणजे कमालच.

साध्या खात्यावरून काही काढता-बसवता येत नाही, रूटचा पासवर्ड पाठवा.

कामशात


अक्तास, १५ एप्रिल

जियेन,

घोडी व्याली. शिंगरू तांबूस आहे. बिबिगुल आपा अजून शेजारीच राहते आणि अजून माझ्या कोंबड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. म्हणजे सगळं सुखरूप.

पासवर्ड मिळणार नाही.

तुझ्या कोठारातली पॅकेजं बांधतो कोण? कुठल्या तरी सपाट मुलखातला, खिडकीतून मोटारी बघत बसलेला माणूस. त्याने आमची नदी पाहिलीय? ती कुठून वळते, कुठल्या कपारीत दगड अडकतात, उन्हाळ्यात हिमनदीचं तळं कसं फुगतं, हे त्याला कुणी सांगितलं? मी जे बसवलंय ते या दरीसाठी बसवलंय. त्यातली ओळ न् ओळ माझ्या नजरेखालून गेलीय. बाजारातली गोठवलेली, खिमा भरलेली मंती आणायची, वाफेवर ठेवायची आणि पाहुण्यांना म्हणायचं, 'घ्या, घरची आहे', हा धंदा मला जमत नाही.

तुझा येर्देन मुरातोविच फेब्रुवारीत इथे येऊन गेला. भोंग्याखाली उभं राहून त्याने फोटो काढून घेतला. वर चला, मापक दाखवतो म्हटलं, तर बुटांकडे बघायला लागला. अशा माणसाने माझ्या सर्व्हरवर काय असावं ते ठरवायचं?

एक गोष्ट आहे, ती ऑफिसच्या मेलवर लिहिता येत नाही. तू ये. मेंढी कापतो.

ओरालबेक


अल्माटी, २९ एप्रिल

नागाशी,

मेंढीला अजून थोडं जगू द्या. तुमच्याकडे एकदा जेवायला बसलं की माणूस तीन दिवस उठत नाही, आणि उठतो तेव्हा तुमच्याच बाजूचा झालेला असतो. मी तुम्हाला ओळखते.

तुमच्या मंतीचं बोलूया. पातळी दाखवणारं ते पान ज्या प्रोग्रामवर चालतं, तो तुम्ही नऊ वर्षांपूर्वी हाताने बसवलात. त्यात मोठं भोक आहे हे जगाला पाच वर्षांपासून माहीत आहे. कोठारातलं पॅकेज वापरणाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झालेलं मिळालं, त्यांना कळलंसुद्धा नाही. तुम्हाला कोण देणार? तुम्ही ते तुमच्या हाताने वळलंत आणि फ्रीजमध्ये ठेवून विसरलात.

आता पाणी प्या आणि मग पुढे वाचा. त्या भोकातून कुणीतरी आत शिरलंय. तुमच्या मशीनची अर्धी ताकद कुणा परक्यासाठी बिटकॉइनसारखी नाणी पाडण्यात जातेय. त्याने तिथे बसून भोंगाच बंद केला असता तर? गावाचा जीव ज्या मशीनवर टांगलाय, त्याचं दार तुम्ही उघडं टाकलंत, आणि वर मला नदी शिकवताय!

पासवर्ड तुम्ही सुखासुखी देणार नाही. ठीक आहे. मग मी ऑफिस म्हणून नाही, तुमच्या बहिणीची मुलगी म्हणून दारात उभी राहते. रीतीप्रमाणे जियेनला, बहिणीच्या लेकराला, नागाशीकडे, आईच्या भावाकडे, तीन वेळा हवं ते मागता येतं आणि नागाशीला नाही म्हणता येत नाही. पहिल्यांदा मी शिंगरू नेलं. दुसऱ्यांदा तुमची सोल्डरिंगची पेटी नेली, तेव्हा मामी हसून हसून रडली होती. तिसरं मागणं आई लग्नासाठी राखून ठेव म्हणत होती. ते मी आज वापरते. रूटचा पासवर्ड द्या.

कामशात


अक्तास, २ मे

कामशात,

रीत अशी वापरशील असं वाटलं नव्हतं. पण रीत आहे. मेइरखानच्या बसने कुर्तची, आपल्या सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी येईल. वरचं खाऊन झालं की तळाशी बघ.

पंखा फार घोंघावतो म्हणून मी दोनदा मशीनची धूळ झटकली होती. म्हणजे कुणीतरी माझ्या घरात बसून नाणी पाडत होतं आणि मी त्याला वारा घालत होतो. हे बिबिगुल आपाला कळू देऊ नकोस.

पण काहीही काढायच्या आधी इथे ये. विनवत नाही, सांगतोय.

ओरालबेक


अल्माटी, २८ मे

नागाशी,

झालं! तो नाणीवाला हाकलला. तुमचं हाताने बसवलेलं सगळं पुसलं, कोठारातून नवं बसवलं. आता सर्व्हरला विचारलं की तो शहाण्या मुलासारखा पोटातलं सगळं मोजून सांगतो. भोंग्याची चाचणीही घेतली. पाणी खुणेच्या वर चढल्याचे खोटे आकडे दिले, त्याने लगेच हुकूम सोडला. इशाऱ्याचा प्रोग्रामही आता तोच, जो बाकीच्या दहा ठाण्यांवर आहे.

यायला जमलं नाही. संचालकांनी रोज नवं काहीतरी काढलं. रुसू नका. जुलैत येईन आणि दोन मेंढ्यांचं खाईन.

कुर्त फार खारट होतं. तुम्ही रागात केलं असणार.

कामशात


अक्तास, १६ जुलै

कामशात,

बातम्यांत ऐकलं असशील. त्यांनी 'किरकोळ गाळपूर' म्हटलंय.

परवा दुपारी उकाडा होता. बिबिगुल आपा पुलाखाली सिर्माक धूत होती, तोच तिचा लाल-काळा लोकरीचा गालिचा, नवरी होऊन आली तेव्हा आणलेला. मी पुलावर उभा राहून तिला चिडवत होतो की तो आता धुतलास तर रंग तेवढा नदीला मिळेल. ती हात वर करून म्हणाली, 'ए ओरालबेक, तुझ्या नदीला काय झालं? माझा सिर्माक कोरडा पडला!' बघतो तर पाणी काठ सोडून मागे सरकत होतं. उघड्या पडलेल्या दगडांत मासे उड्या मारत होते.

जुलैच्या उन्हात आमची नदी चढते. ती उतरली याचा अर्थ एकच. वरच्या कपारीत दरड कोसळलीय, पाणी तिच्यामागे तुंबतंय, आणि ते फोडून जे खाली येणार ते पाणी नसणार. मी आपाला ओढून वर काढलं. ती सिर्माक सोडेना. मी शिव्या दिल्या, तिने दिल्या, आणि मी ठाण्याकडे पळालो. चढ आहे, माझं वय तुला माहीत आहे. भोंगा गप्प होता. मी जाऊन हाताने वाजवला. वाजवला तेव्हा गाव पळायला लागलं आणि आम्हाला दरीतून तो आवाज ऐकू आला.

पूल गेला. पाच घरं गेली, त्यात आपाचं. मासेतळ्याचा राखणदार सापारगाली सापडला तो काल संध्याकाळी, खूप खाली. आज त्याला माती दिली.

आता ऐक. सर्व्हरवर बघितलं तर तुझ्या प्रोग्रामने पाणी उतरताना पाहिलं होतं. त्याने लिहून ठेवलंय: 'पातळी कमी, धोका नाही.' मग गाळाची भिंत आली आणि मापकच उपटून घेऊन गेली. त्यावर त्याने लिहिलं: 'मापक नादुरुस्त, माणूस पाठवा.' सपाट मुलखात हे बरोबर असेल.

माझ्या प्रोग्राममध्ये मी बदल केला होता. भर उन्हात पाणी एकदम उतरलं तरी भोंगा वाजायचा. हेच तुला मेलवर लिहिता येत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मी मुख्यालयाला तीनदा विनंती केली होती. उत्तर आलं की ठाण्याच्या तंत्रज्ञाला प्रोग्राममध्ये बदल करायचा अधिकार नाही. मग मी विचारणं सोडलं आणि बदल केला. ते लेखी कबूल केलं असतं तर मला काढलं असतं, आणि माझ्या जागी आलेल्याने पहिल्या दिवशी तो पुसला असता.

तू न विचारता पुसलास. मी न सांगता गप्प बसलो. सापारगालीच्या बायकोसमोर मी काल बसलो होतो, तेव्हा यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही.

ओरालबेक


अल्माटी, १८ जुलै

नागाशी,

तुमचं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ओरडून रडले. आता रडणं संपलंय. मी यायला हवं होतं. तुम्ही दोनदा सांगितलंत, आणि मला वाटलं म्हातारा मेंढी दाखवून मला फितवतोय.

आज येर्देन मुरातोविचने बोलावलं. अहवाल तयार होता, फक्त सही हवी होती. त्यात लिहिलंय, 'तंत्रज्ञ ओरालबेक यांनी पूर्वी हाताने केलेल्या बेकायदा फेरफारांमुळे यंत्रणेत बिघाड राहिला.' मी म्हटलं, तो फेरफार असता तर भोंगा वाजला असता. तो मी काढला, तुमच्या हुकमाने. ते म्हणाले, 'कामशात, तू हुशार मुलगी आहेस, तुझं नाव मी यात येऊ देत नाहीये, हे तुझ्या लक्षात येतंय ना?' मी म्हटलं, येतंय, म्हणूनच सही करत नाही. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. दार मी जोरात आपटलं.

तुमचा बदल मला द्या. मी त्याचं पॅकेज करते.

कामशात


अक्तास, २१ जुलै

जियेन,

सही केली नाहीस, ते बरं केलंस. तुझ्या आईला सांगितलं तर ती घाबरून रडली आणि मग शेजारणींना फोन करून मिरवत बसली.

पण पॅकेज वगैरे विसर. माझा कोड घरच्या डिस्कवर होता. नवा मापक बसवला, माझा प्रोग्राम परत हाताने बसवला आणि रूटचा पासवर्ड बदलला. आता तूही आत येऊ शकत नाहीस आणि तुझं कोठारही नाही. त्या पानाचं भोकही बुजवलंय. म्हणजे ते पानच काढून टाकलं. पातळी बघायची असेल त्याने खिडकी उघडावी.

मला काढायचं असेल तर येर्देन मुरातोविचने स्वतः यावं. पूल नाही, पाण्यातून यावं लागेल. बूट भिजतील.

ओरालबेक


अल्माटी, २३ जुलै

ओरालबेक नागाशी,

वा! दार लावून घेतलंत आणि आत बसलात राजासारखे. अक्तास वाचलं. आणि कास्काबुलाक?

मी गेले पाच दिवस एकेका ठाण्याचे जुने आकडे काढून बघतेय. कास्काबुलाकची दरी तुमच्यापेक्षा अरुंद आहे. तिथेही तीन वर्षांपूर्वी पाणी असंच उतरलं, मापक 'नादुरुस्त' झाला आणि मागून गाळ आला. नशिबाने तेव्हा तिथे कुणी नव्हतं. आता नदीकाठी मुलांचं उन्हाळी शिबिर आहे. त्यांच्या सर्व्हरवर तोच प्रोग्राम आहे जो मी तुमच्याकडे बसवला. 'पातळी कमी, धोका नाही' म्हणणारा. तिथली तंत्रज्ञ ल्यूदा दिवसभर एकटी असते, आणि पुलाखाली सिर्माक धुणारी आपा तिथे नाही.

सहा वर्षं तुम्हाला ठाऊक होतं की नदी उतरली तर पळायचं. ते तुम्ही एका डब्यात बंद करून स्वतःच्या घरात ठेवलंत. मुख्यालयाने ऐकलं नाही, मान्य. पण ल्यूदाला एक फोन केला होतात? कुठल्याही ठाण्याला केलात? नाही, कारण ते तुमच्या हातचं होतं, तुमच्या नदीचं होतं! तुम्हाला काही झालं तर तुमच्या डिस्कवर काय आहे ते कुणाला कळणार? हाताने बसवलेलं हात असेपर्यंत टिकतं, नागाशी. मला पॅकेज हवंय ते येर्देन मुरातोविचसाठी नाही.

जियेन म्हणून मागायचं काही उरलं नाही, तिन्ही संपली. म्हणून मागत नाही, भांडते. द्या तो कोड!

कामशात


अक्तास, २९ जुलै

कामशात,

तुझं पत्र मी बिबिगुल आपाला वाचून दाखवलं. ती सध्या आमच्याकडेच राहते. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, 'पोरगी बरोबर बोलतेय, तू नुसता कोंबडा आहेस.'

तिसऱ्या दिवशी ल्यूदाला फोन केला. तिला विचारलं, पाणी उतरलं तर काय करतेस? ती म्हणाली, 'काय करणार, बरं वाटतं.'

मेइरखान आता नदीपलीकडे बस थांबवतो, आम्ही दोरीवरून सामान पोचवतो. त्याच्याकडे डिस्क दिलीय. नुसता कोड नाही, पॅकेज बांधून दिलंय. कसं बांधतात ते शिकलो. पहिलं बांधलं ते बसेना, दुसरं बसलं पण भोंग्याचा प्रोग्राम काढून टाकायला निघालं, तिसरं नीट आहे. तुमच्या लोकांनी नियम बरेच केलेत, पण त्यातले काही बरे आहेत. काय लागतं ते आधीच लिहून द्यावं लागतं, हे आवडलं. मी आजवर ते डोक्यात ठेवायचो.

एक लक्षात ठेव. हिवाळ्यात पाणी गोठून उतरतं, तेव्हा भोंगा वाजला तर लोक दुसऱ्यांदा उठणार नाहीत. म्हणून मे ते सप्टेंबरच ठेवलंय, आणि दोन मापकांनी एकच सांगितलं तरच. पॅकेजवर सांभाळणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. माझं लिहिलंय. फसलं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते लोकांना कळलं पाहिजे.

नवा पासवर्ड डिस्कबरोबर आहे. या वेळी कुर्त गोडं आहे.

ओरालबेक


अल्माटी, ६ ऑगस्ट (घरच्या पत्त्यावरून)

नागाशी,

तुमचं पॅकेज सगळ्या ठाण्यांच्या जुन्या आकड्यांवर चालवून पाहिलं. अक्तासला वाजतं, कास्काबुलाकला वाजतं, उगाच कुठेही वाजत नाही. येर्देन मुरातोविचकडे नेलं. म्हणाले, मंजुरीची समिती नोव्हेंबरात बसते. मी म्हटलं, पूर ऑगस्टात येतो. म्हणाले, पूर समितीला बांधील नाही, तू आहेस.

मी खाली आले, माझ्या सहीने ते कोठारात टाकलं आणि रोजच्या अपडेटमध्ये सोडलं. सकाळी अकराही ठाण्यांवर बसलं होतं. दुपारी मला निलंबित केलं, शिपायाने माझा कप बाहेर आणून दिला. मला वाईट वाटलं ते फक्त एवढ्याचंच की तो कप माझा नव्हता.

आता ऐका, वेळ कमी आहे. सोमवारी ते कोठारातून जुना प्रोग्राम परत सोडणार आहेत. एक कमांड आणि सगळीकडे पुन्हा 'धोका नाही.' मी बाहेरून काही करू शकत नाही. पण ज्या ठाण्यावर कुणी त्या पॅकेजला 'होल्ड' लावेल, तिथे अपडेट त्याला हात लावू शकत नाही. एका ओळीची कमांड आहे, वेगळी जोडलीय. ठाण्याच्या तंत्रज्ञाला तेवढा अधिकार आहे, नियमातच आहे. तुम्हाला ज्यांची नावं माहीत आहेत त्यांना सांगा. नोकरी जाऊ शकते, हेही सांगा. लपवून नको.

कामशात


अक्तास, १४ ऑगस्ट

माझ्या जियेन,

दहाही जणांना फोन केले. निम्म्यांना मी जिवंत आहे हेच माहीत नव्हतं. सापारगालीचं सांगितलं, सिर्माकचं सांगितलं, नोकरीचंही सांगितलं. एक जण म्हणाला, 'माझ्या बायकोला विचारतो,' आणि बायकोनेच फोन घेऊन विचारलं, 'कमांड सांगा.' कागद-पेन घेऊन बसलेल्या त्या सगळ्यांना मी, हाताने बसवणारा म्हातारा, पॅकेज कसं धरून ठेवायचं ते शिकवत होतो. तू असतीस तर खिदळली असतीस.

सोमवारी येर्देन मुरातोविचचा हुकूम आला. अकराही सर्व्हरनी उत्तर दिलं की पॅकेज धरून ठेवलेलं आहे. त्याने फोनवर आरडाओरडा केला. मी म्हटलं, काढायचं तर एकेका दरीत येऊन हाताने काढा, रस्ता दाखवतो.

काल दुपारी कास्काबुलाकला पाणी उतरलं.

भोंगा वाजला तेव्हा शिबिरातली मुलं नदीत होती. तशीच ओल्या अंगाने टेकडीवर पळाली. गाळ आला तो भोजनघर घेऊन गेला, टेबलावर वाढलेल्या सूपसकट. मुलं सगळी वर होती. दोनदा मोजली. ल्यूदाने मला फोन केला, पण तिला बोलता येईना, म्हणून तिने फोन मुलांच्या बाजूला धरला. रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. तिथे कुणाची चप्पल कुणी घातली यावरून जोरदार भांडण चाललं होतं. मी पंधरा मिनिटं ते ऐकलं. बिबिगुल आपाने विचारलं, कुणाशी बोलतोयस, तर मी फोन तिच्या कानाला लावला.

कामशात, मी या एका नदीचा फार माज केला. तू भांडली नसतीस तर ती मुलं नसती.

आज सकाळी संचालकाचा कागद आलाय. पॅकेज आता त्याला हवंय. फक्त सगळ्यांनी लिहून द्यायचं की ते 'चुकून मंजुरीआधी' कोठारात गेलं, म्हणजे तो मागच्या तारखेने मंजुरी देईल, तुझं निलंबन उठवेल, आणि सापारगालीच्या मृत्यूचा तो अहवाल आहे तसाच राहील. मी 'चुकून' खोडलं आणि वर लिहिलं, 'मुद्दाम, जाणूनबुजून'. खाली चौदा जुलैला भोंगा का वाजला नाही ते लिहिलं, त्यात माझं गप्प बसणंही लिहिलं. सही केली. कागद घेऊन आधी सापारगालीच्या घरी गेलो, त्याच्या बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, मगच पाठवला. ल्यूदाने तिच्या कागदावर तेच केलंय, बाकीचे करतायत.

तुझ्याकडेही तो कागद येईल. पेन ठळक उठणारं घे.

ओरालबेक